पिच्चर आणि गेमची वही: पैसे टाकायच्या आधी आपलं मत कसं ठरवावं

पाचोऱ्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले चालू असताना काउंटरपलीकडून कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तो नवा पिच्चर कसा शे?" पिच्चर अजून लागलेलाही नसतो. तरी मी उत्तर देते, कारण माझ्याकडे वही आहे. ती कशी ठेवायची ते इथं सांगते. हे लिहितेय जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे २०२५ चे गेम खेळून झालेत आणि यंदाच्या सिनेमांच्या तारखा जाहीर होताहेत. वही सुरू करायला हा काळ चांगला.

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधलं नोट्स ॲप नको, त्यात लिहिलेलं नंतर गुपचूप बदलता येतं. पुढून सिनेमे, मागून गेम.

मी तारे देत नाही. साडेतीन तारे म्हणजे जावं की न जावं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी खर्च लिहिते. सिनेमाला तीनच शेरे: 'जळगाव', 'घर' आणि 'राम राम'. जळगाव म्हणजे दुकान बंद ठेवून गाडीनं जायचं, तिकीट काढायचं, मध्यंतरात पोरांना पॉपकॉर्न आणि परतताना शेवभाजी. चौघांचा हा खर्च मनात मांडून बघा, मत आपोआप स्पष्ट होतं. घर म्हणजे ओटीटीवर किंवा टीव्हीवर येईल तेव्हा. राम राम म्हणजे फुकट दाखवला तरी नको.

शेरा लिहायचा तो ट्रेलर बघायच्या आधी. ट्रेलर कापणारे लोक वेगळेच असतात आणि त्यांचं काम फार चांगलं झालंय. त्या अडीच मिनिटांत कुठलाही सिनेमा बरा दिसतो. त्याऐवजी दिग्दर्शकाचं आधीचं काम बघा, कथा-पटकथा कुणाची ते बघा. मग शेऱ्यापुढे एका वाक्यात कारण लिहा. अट एकच, त्या वाक्यात नटाचं नाव नको. ही अट घातल्यावर निम्मे सिनेमे 'जळगाव'मधून 'घर'मध्ये घसरतात, करून बघा.

माझ्या वहीतली एक नोंद दाखवते:

"रामायण, पहिला भाग. दिवाळी २०२६. जळगाव, पण भाऊबीज झाल्यावर. कारण: दिग्दर्शक नितेश तिवारी, 'दंगल' त्यांचाच, त्यात आखाड्यातली माती खरी वाटली होती. शंका: इथं माती किती आणि कॉम्प्युटर किती?"

ही शंकेची ओळ माझी लाडकी. जुलै २०२५ मध्ये या सिनेमाची पहिली झलक आली, त्यात गोष्ट जवळपास नव्हतीच, भव्यपणाच होता. संगीताला ए. आर. रहमान आणि हान्स झिमर, दोघं. मोठी नावं ऐकून दडपायला होतं, म्हणून शंका लिहायची. दुसरा भाग २०२७ च्या दिवाळीला जाहीर झालाय, तेव्हा पहिल्या भागात गोष्ट कुठं तोडतात तेही बघायचं. रामाची गोष्ट आपल्या आजीलाही पाठ असते. तिथं पुढे काय होणार याची उत्सुकता कामाची नाही, कसं दाखवलं एवढंच उरतं.

दुसरी नोंद ख्रिस्तोफर नोलनच्या 'द ओडिसी'ची, तारीख १७ जुलै. अख्खा सिनेमा आयमॅक्सच्या, म्हणजे प्रचंड मोठ्या पडद्यासाठीच्या, फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलाय, त्याचा गाजावाजा मोठा. आपल्याकडच्या साध्या पडद्यावर त्यातलं किती पोचेल? जे कारण आपल्या गावापर्यंत पोचत नाही ते वहीत लिहू नये. मी लिहिलंय: "जळगाव. लढाई संपल्यावर घरी परत यायला वर्षानुवर्षं लागलेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि काळाशी खेळणं या दिग्दर्शकाला जमतं." इंग्रजी खेळ मिळाला नाही तर हिंदी चालेल का, हेही आधीच लिहून टाका. मला या सिनेमाला चालणार नाही. मारामारीच्या सिनेमाला चालतं, उलट मजा जास्त येते.

१८ डिसेंबरला तर 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' आणि 'ड्यून'चा तिसरा भाग एकाच दिवशी जाहीर झालेत. आपल्या भागात पडदे 'अ‍ॅव्हेंजर्स'ला मिळणार ते उघड आहे. मला मात्र 'ड्यून'च बघायचाय, म्हणून 'घर' लिहून मोकळी झाले. आधी आयर्न मॅन झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये खलनायक डॉक्टर डूम होऊन येतोय, त्यावर दुकानात रोज वाद होतात. नटाचं नाव हेच कारण असेल तर माझ्या अटीप्रमाणे तो राम राम.

खान्देशातल्या माणसांनी एक जादा हिशेब धरायचा. आखाजीच्या सुमाराला पारा पंचेचाळिशीला टेकतो. भर दुपारी गारेगार थिएटरमध्ये तीन तास बसायला मिळालं तर पडद्यावर काहीही चालू असो, माणूस बाहेर येऊन "भारी शे भो" म्हणतोच. मे महिन्यात ऐकलेलं कुणाचंही मत अर्ध्यावर आणावं. रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'ची तारीख १ मे आहे. माझा शेरा जळगावच आहे, अजय-अतुलचं संगीत मोठ्या आवाजात ऐकायला, पण त्या दिवशी परत आल्याबरोबर मत लिहायचं नाही, रात्री गच्चीवर गरम वाऱ्यात बसून लिहायचं, असं आत्ताच ठरवून ठेवलंय.

पोरं बरोबर असतील तर सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. नोव्हेंबर २०२४ पासून यूएचे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. नुसतं 'यूए' ऐकून धाकट्याला नेऊ नका, पुढचा आकडा वाचा.

आता मागच्या पानांकडे.

गेमच्या बाबतीत मत नंतर, मशीन आधी. माझ्याकडे दुकानातलाच कॉम्प्युटर आहे, त्यात नंतर टाकलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड. ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर तळाशी 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने असतात. किमानवर विसंबू नका, त्यावर गेम सुरू होतो एवढंच. आपलं मशीन शिफारशीच्या आसपास असेल तरच पुढे वाचा. मग जागा बघा. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' आठेक जीबी मागतो, 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' पंचावन्नच्या घरात. रात्रभर डाउनलोड लावून सकाळी लाइट गेलेली दिसणं काय असतं, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

गेमचे शेरेही तीन: 'आत्ता', 'सेल' आणि 'बघून'. शेवटचा म्हणजे दुसऱ्यानं खेळलेला यूट्यूबवर बघून हौस भागवायची. यात काही कमीपणा नाही. गोष्टीचे गेम मला तसेही आवडतात.

'सेल'चा हिशेब आपल्याकडे वेगळा बसतो. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात उन्हाळी सेल जूनच्या शेवटाला लागतो, म्हणजे घरात बियाणं-खताची खरेदी चालू असताना. तेव्हा गेमचं नाव काढाल तर घरातनं काय ऐकाल ते सांगत नाही. हिवाळी सेल डिसेंबरच्या शेवटी, कापूस विकून चार पैसे हातात आल्यावर. म्हणून वर्षभर यादी करायची आणि खरेदी हिवाळ्यात. एपिक स्टोअर या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी रात्री एखादा तरी गेम फुकट मिळतो, थंडीत साडेनऊला आणि उन्हाळ्यात साडेआठला. खेळा न खेळा, घेऊन ठेवा.

आगाऊ बुकिंग कधीच नको. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०ला आला तेव्हा इतका मोडका होता की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या प्लेस्टेशन मशीनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तोच गेम सप्टेंबर २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर खेळा, ओळखू येणार नाही. थांबणाऱ्याला दुरुस्त झालेला माल कमी भावात मिळाला.

लोकांची मतं वाचताना पसंतीचे टक्के बघून थांबू नका, तक्रार कशाची आहे ते वाचा. 'सिल्कसाँग'ला स्टीमवर चिनी खेळाडूंनी ढिगानं नापसंती दिली होती, ती चिनी भाषांतर वाईट होतं म्हणून. त्याचं आपल्याला काय? उलट 'गेम मध्येच बंद पडतो' अशी तक्रार दहा जणांची असली तरी ती आपली समजायची. सगळ्यात उपयोगाची ती मतं, ज्यात माणसाला गेम आवडलाय आणि तरी तो चिडलाय.

घेतल्यावर पहिले दोन तास जपून वापरा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. मेनूत घालवलेला वेळही त्यातच मोजतात. म्हणून गेम सुरू करून चहा टाकायला उठू नका. आधी चित्राची सेटिंगं लावा, एक लढाई करा, कॉम्प्युटर किती तापतो ते हात लावून बघा, आणि दीड तासाच्या आत ठरवा.

आणि माझी स्वतःची कसोटी: लाइट गेली तर किती मागे जावं लागतं? 'सिल्कसाँग'मध्ये तुम्ही शेवटच्या बाकावर बसला असाल तिथूनच पुन्हा निघावं लागतं, आणि हे बाक दूरदूर आहेत. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा गेम ४ सप्टेंबर २०२५ला आला, त्या दिवशी ऑनलाइन दुकानं गर्दीनं कोलमडली. ऑस्ट्रेलियातल्या मूठभर माणसांचं हे काम. चित्रं, संगीत, सगळं अव्वल. पण इन्व्हर्टर नसलेल्या घरात मी हा सुचवणार नाही. भाच्याला 'आत्ता' दिला, त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि सहनशक्तीही.

माझ्या लेखी वर्षाचा गेम 'एक्सपिडिशन ३३'. त्यानं 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळवला, पण म्हणून नाही. फ्रान्सच्या मॉन्टपेलिए शहरातल्या छोट्या कंपनीचा हा पहिलाच गेम. एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर आकडा लिहिते आणि त्या वयाची माणसं विरून जातात. आकडा दरवर्षी एकानं कमी. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग मी दुकान बंद झाल्यावर खेळले आणि शटर ओढून तशीच बसून राहिले. लढाई आळीपाळीची आहे, तुमची पाळी मग त्यांची. पण त्यांचा वार अंगावर येण्याच्या ऐन क्षणी बटण दाबलं की तो अडतो आणि उलट तुमचाच फटका त्यांना बसतो. काही शत्रू इतके बेरकी की हात वर नेऊन थबकतात, आपण घाईनं बटण दाबतो, आणि मग ते मारतात. बोटं दुखायला लागली तर सेटिंगमध्ये 'स्टोरी' नावाची सोपी पातळी निवडा. मी निवडली, लाज वाटायचं कारण नाही. शेरा: सेल. पूर्ण भावाला सुद्धा वाईट नाही.

'डाँकी काँग बनान्झा'ची नोंद केवळ आपल्या केळीवाल्या रावेर-सावद्याच्या मानासाठी. केळींभोवती फिरणारा वर्षातला सर्वात गाजलेला गेम, आणि तो चालतो निन्टेन्डोच्या स्विच २ या गेमच्या मशीनवर, जी आपल्याकडे बाहेरून मागवलेलीच मिळते. केळीला भौगोलिक मानांकन आपलं, गेम जपानचा. बघून.

पुण्यातल्या कंपनीचा २०२०चा 'राजी' जुना झाला तरी सेलमध्ये जरूर घ्या. मारामारी जरा ताठर आहे, पण राजस्थानी वाड्यांमधून फिरताना मान वळवून वळवून बघाल.

राहिला 'जीटीए ६'. तारीख दोनदा पुढे गेलीय, आता १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि तीही फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनसाठी. मागचा 'जीटीए ५' कन्सोलवर २०१३ला आला आणि कॉम्प्युटरवर २०१५ला. भाचा रोज येऊन म्हणतो, "फुई (म्हणजे आत्या), हाऊ गेम लई दे ना." वहीत 'बघून' लिहिलंय. कॉम्प्युटरची तारीख जाहीर झाली की शेरा बदलू, तोवर त्यानं ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवावेत.