जुनं पुणं पायी बघायचं असेल तर

गाडी घरीच ठेवा. मेट्रोने कसबा पेठेला उतरा किंवा रिक्षाने सोमवार पेठ गाठा, पण सकाळी सातच्या आसपास चालायला लागा, कारण दहानंतर लक्ष्मी रोडवर मान वर करून उभं राहायला जागाच उरत नाही आणि या वॉकमध्ये मान वर करणं हेच मेन काम आहे. पेठांमध्ये तळमजल्यावर सगळी शटरं आणि फ्लेक्स, जुनं घर दिसतं ते पहिल्या मजल्यापासून, लाकडी सज्जे, कोरीव खांब, खिडक्यांच्या महिरपी.

सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा, कमला नेहरू हॉस्पिटलजवळ आहे, विचारलं की कोणीही सांगतं. पुण्यातले लोकसुद्धा इथे फारसे येत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. १७५४ ला भीमगिरजी गोसावींनी काम सुरू केलं, १७७० मध्ये पूर्ण झालं, सगळं काळ्या दगडात. दर्शनी भिंत घाईघाईत बघू नका, साखळीने बांधलेला गेंडा आणि बाजूला शिपाई कोरलेत ते शोधा. आत संस्कृत आणि फारसी दोन्ही शिलालेख आहेत, आणि मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती.

तिथून कसब्यात या, वाटेत तांबट आळी लागेल, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. काम चालू असेल तर हातोड्यांचे ठोके लांबूनच ऐकू येतात, भांडं मठारताना, म्हणजे हातोडीने ठोकताना बघायचं असेल तर आधी विचारा, मग फोटो काढा. पुढे कसबा गणपती, ग्रामदैवत, नमस्कार करून निघा. लाल महाल आत्ता जो दिसतो तो महापालिकेने अलीकडे बांधलेला, मूळ वाडा उरलेला नाही, पाहुणे बरोबर असतील तर त्यांना हे आधीच सांगा. शायिस्तेखानावरचा ५ एप्रिल १६६३ चा छापा मात्र लाल महालातलाच.

शनिवारवाड्याला वेळ द्या. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, खर्च १६,११० रुपये. लोक आत शिरतात आणि म्हणतात इथे काहीच नाही, कारण १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं. म्हणून आधी दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहा, तटाचा खालचा भाग दगडी, वर विटा, आणि दारावरचे खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून. आत उरलीत ती जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, त्यांच्यावरून चौक कुठे होता, सोपा (चौकाकडे उघडा असलेला ओटा) कुठे, याचा अंदाज घेत फिरा, हजारी कारंजं बघा. जोतं, त्यावर तळखडा (खांबाखालचा दगड), त्यावर खांब, मग तुळई (आडवं जाड लाकूड) आणि कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत), वाडा असा उभा राहतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रत्येक पडका वाडासुद्धा समजायला लागतो.

मग शिवाजी रोडने सरळ दक्षिणेला. दगडूशेठच्या समोरच भिडेवाड्याची जागा, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. वाडा नसला तरी तिथे दोन मिनिटं थांबाच.

बेलबाग नाना फडणवीसांची, पटकन बघून होते. तुळशीबागेत दुकानं उघडायच्या आत जा, तरच राममंदिराचं शिखर नीट बघता येतं, बांगड्या-भांड्यांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षातच येत नाही. मिसळ खायची तर श्रीकृष्ण भुवन तिथेच आहे, आत्ताच खाऊन घ्या. मग मंडई, १८८६ ची, तेव्हा नाव रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा आहे, त्याच्या खाली जाऊन वर बघा. नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज मंडई त्यांच्याच नावाने आहे, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

शेवट विश्रामबाग वाड्यात करा, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. शनिवारवाड्यात जळून गेलेलं लाकूडकाम कसं असेल याची कल्पना इथे येते, रस्त्यावरचा सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब समोरच्या फुटपाथवरूनच चांगले दिसतात, आधी तिथून बघा मग आत जा. दुरुस्तीसाठी कधी कधी काही भाग बंद असतो, तेव्हा दारावर चौकशी करूनच तिकीट काढा.