साकव हवा असेल तर: गावच्या कारभारात सामान्य माणसानं शिरायचं कसं

आमच्या वाडीच्या वहाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) एका पावसात वाहून गेला. पुढच्याच ग्रामसभेत मी उठलो आणि दहा मिनिटं तावातावानं बोललो. शाळेत जाणारी मुलं, डोलीतून न्यावे लागणारे आजारी, सगळं मांडलं. माना डोलल्या. सरपंच म्हणाले, "बघूया, दादा, करूया." मी खूश होऊन घरी आलो. चार महिन्यांनी इतिवृत्ताची प्रत काढली, तर माझ्या दहा मिनिटांची तिथे एक ओळ झाली होती: "आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा करण्यात आली."

माझं शिक्षण तिथून सुरू झालं. आपल्याकडे राजकारणाच्या गप्पांना तोटा नाही. कोकणातल्या राजापूर मतदारसंघानं आधी नाथ पै आणि मग मधु दंडवते यांना मिळून तीन दशकं लोकसभेत पाठवलं. त्या मुलखात दिल्लीत कोण काय बोललं याची खडान्‌खडा माहिती ओटीवर बसल्या बसल्या मिळते. आपल्या ग्रामपंचायतीचं यंदाचं अंदाजपत्रक किती, हे मात्र विचारून बघा. सगळे सुपारी कातरायला लागतात.

पुढचं सगळं अशा माणसासाठी आहे, ज्याला पक्षात जायचं नाही (निदान आज तरी), पण आपलं म्हणणं दप्तरात उमटावं असं वाटतं.

आधी नाव कुठे आहे ते बघा

ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. घर गावात, देव गावात, पण नाव विरार-डोंबिवलीच्या यादीत असेल, तर ग्रामसभेत तुमचा हात मोजला जात नाही. दोन्हीकडे नाव ठेवायची आपल्याकडची जुनी खोड कायद्याला मान्य नाही, आणि त्यासाठी खोटं लिहून दिलं तर तो गुन्हा आहे. एक ठिकाण ठरवा. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. अठरा वर्षं पूर्ण झाल्याचं आता वर्षातून चार तारखांना मोजतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घरातल्या मुलाचं नाव निवडणूक लागल्यावर घालू म्हणून थांबू नका, तेव्हा यादी बंद झालेली असते.

साकव कुणाचा, जेटी कुणाची

आपली निम्मी शक्ती चुकीच्या दारात उभं राहण्यात जाते. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. लहान बंदरातल्या जेटीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ, भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरत असेल तर खारभूमी विभाग, खांबावरच्या तारेसाठी महावितरण. साकव बहुतेक वेळा जिल्हा वार्षिक योजनेतून होतात आणि त्याची किल्ली जिल्हा नियोजन समितीकडे, म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत असते. पण तिथे यादी पोहोचते ती खालून, ग्रामपंचायतीच्या ठरावापासून. ग्रामसेवकांना (२०२४ मध्ये पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, वाडीत अजून कुणी तसं म्हणत नाही) एवढंच विचारा: हा रस्ता दप्तरी नोंदलेला आहे का आणि त्याचा क्रमांक काय? क्रमांक नसेल तर तुमची मागणी साकवाची नाहीच, आधी रस्ता नोंदवण्याची आहे.

ग्रामसभा: बोलण्याआधी लिहा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुरेसं कारण नसताना त्या न बोलावणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, हे पुष्कळ सरपंचांनाही ठाऊक नसतं. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आणि इथेच गंमत आहे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. पहिल्या सभेला आंब्याच्या पेट्या भरायच्या राहिल्यात म्हणून तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या सभेत बाराजण वर्षाचे निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि ते कायदेशीर असतात. १ मेची सभा तर आंब्याच्या ऐन हंगामात येते. बागायतदार एकही दिसत नाही, आणि मग बागायतीचा रस्ता का झाला नाही म्हणून वर्षभर तेच कुरकुरतात.

माझी पद्धत आता अशी आहे. नोटीस निघण्याच्या आधीच विषय लेखी द्यायचा: "अमुक वाडी, अमुक वहाळ, साकव बांधणे, ठराव होणेबाबत." अर्ज एका पानाचा, विषय एकच, खाली वाडीतल्या जितक्या मिळतील तितक्या सह्या. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच उंबरा ओलांडायचा. "ठेवून जा, मी बघतो" याला पोच म्हणत नाहीत. मग सभेत सूचक मी, अनुमोदक शेजारच्या वाडीतला कुणीतरी. शेजारच्या वाडीतलाच का, तर आपल्याच भावकीतला अनुमोदक असला की बाकीचे "ह्यांचा घरचा विषय" म्हणून खिडकीबाहेर बघतात. त्यांच्या नळपाणी योजनेला तुम्ही अनुमोदन द्या, ते तुमच्या साकवाला देतील. याला कुणी राजकारण म्हणालं तर म्हणू दे, त्यासाठीच तर आपण आलोय.

ठराव झाला की लिहून होईपर्यंत तिथेच बसा. सभा संपल्यावर चहाला जाऊ नका. ठरावाचा क्रमांक टिपून घ्या, काही दिवसांनी प्रत मागा. महिलांनी ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडावा. आमच्याकडे पाण्याचे सगळे खरे मुद्दे तिथूनच आले; पुरुषांच्या डोक्यात टाकी असते, बायकांच्या डोक्यात हंडा.

तारखेचंही भान हवं. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं आणि पुढच्या वर्षाची कामं त्यात बसतात. मे महिन्यात केलेली मागणी त्यामुळे बहुधा लोंबकळते. आराखड्यात कुठली कामं धरली ते ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव घालून बघता येतं.

खरी अडचण: सातबारा

ठराव झाला, यादीत नाव लागलं, आणि तरी काम अडलं. कारण साकवाच्या दोन्ही टोकांची जमीन खासगी होती. कोकणात ही गोष्ट कुणीही आधी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या बाजूच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं होती. त्यातली काही माणसं केव्हाच देवाघरी गेलेली, वारसनोंद झालेली नाही. उरलेल्यांतले अर्धे मुंबईत, एक बडोद्याला, आणि दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. संमतीपत्राशिवाय खातं काम हातात घेत नाही, आणि घेऊही नये. बांधून झाल्यावर कुणी कोर्टात गेलं तर चिरे तिथेच पडून राहतात.

इथे चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत गेलेले गावकरी, उपयोगी पडले. ग्रामसभेत त्यांचं मत नसेल, पण सातबाऱ्यावर नाव त्यांचंच आहे. गणपतीच्या महिनाभर आधी गावच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत संमतीपत्राचा मसुदा वाचून दाखवला. किती फूट जागा जाणार, ते मोजून लिहिलं. "रस्त्यासाठी लागेल तेवढी" असलं मोघम ठेवलं नाही. माणूस जमीन द्यायला नाही म्हणत नाही, मापाशिवाय द्यायला नाही म्हणतो. मग गणपतीत घरोघरी आरतीला जाऊन सह्या घेतल्या. न बोलणाऱ्या दोन भावांच्या सह्या वेगवेगळ्या कागदांवर घ्याव्या लागल्या. ज्यांची वारसनोंद राहिली होती त्यांनी तलाठ्यांकडे अर्ज केले. एकूण दोन गणपती गेले.

वरच्या पायऱ्या

आमदारांना भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नका. ठरावाची प्रत, संमतीपत्रं आणि जागेचा फोटो घेऊन जा. हे जोडलेला अर्ज आणि नुसतं "साहेब, लक्ष घाला", यांतला फरक त्यांच्या स्वीय सहायकाला बरोबर कळतो. आमदार स्थानिक विकास निधी देऊ शकतातच, शिवाय विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) मांडू शकतात. एका साकवासाठी कुणी लक्षवेधी लावणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या मोडक्या साकवांची यादी तयार करून दिलीत तर लावतीलही.

काम कुठे अडलंय ते कळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयात पहिलं अपील. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर येतं: "माहिती उपलब्ध नाही". "अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात" असं मागा. मला पहिल्या अर्जावर तीन ओळींचं उडवाउडवीचं उत्तर आलं होतं, दुसऱ्यावर अकरा पानं आली.

पदवीधर असाल तर अजून एक मत तुमच्या खिशात पडून आहे. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते, मागच्या वेळचं नाव चालत नाही. त्यासाठीचा नमुना १८ भरायचा राहिला, तर पदवी भिंतीवर आणि मत हवेत.

किनाऱ्यावरची जनसुनावणी

मोठा प्रकल्प आला की गाव दोन तुकडे होतं, हे आपण पाहिलंय. बाजू कुठलीही घ्या, पण सुनावणीला जाण्याआधी अहवाल वाचा. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान तीस दिवसांची नोटीस लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध असावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत तो बघायला मिळतो. मांडवातली घोषणा बातमीत येते; लेखी हरकत मात्र नोंदीत जाते आणि प्रकल्पवाल्यांना तिचं उत्तर द्यावं लागतं. "मासेमारी उद्ध्वस्त होईल" हे वाक्य त्यांना सोपं जातं. कुठल्या खडपात कुठल्या महिन्यात कालवं काढतात, किती होड्या कुठून निघतात आणि अहवालात त्यांचा उल्लेख कुठल्या पानावर नाही, हे लिहिलं की घाम फुटतो.

हे काही नवं नाही. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिली. संप चालू असतानाच १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. इकडे शेत ओसाड, तिकडे कागद टेबलावर.

उभं राहायचं ठरलंच तर

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावपॅनेल असतात, आणि त्यांची बोलणी नोटीस लागायच्या कितीतरी आधी वाडीच्या बैठकीत उरकलेली असतात. म्हणून इच्छा असेल तर तिथेच तोंड उघडा. वय २१ पूर्ण हवं, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अर्ज बाद होतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी आदल्या वर्षीच करा, हरणाऱ्याचं पहिलं शस्त्र तेच असतं. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. वहिनींचा अर्ज भरून दादांनी खुर्चीत बसायचं असलं काही करू नका, मासिक सभेच्या वहीत सही वहिनींची लागते आणि चौकशी लागली तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागतं.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, जिंकलात तरी आणि पडलात तरी. तो दिला नाही म्हणून पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. रिक्षावरचा भोंगा, बॅनर आणि कार्यकर्त्यांचे वडापाव, सगळं त्यात येतं. नाक्यावरचा वडेवाला ओळखीचा असला तरी पावती मागून घ्या.