रॅक रिकामे झाले, रॅम संपली

नव्याने लागलेल्या मुलांना मी आधी एकच विचारतो, डेटा सेंटरमध्ये जागा संपली म्हणजे नेमकं काय संपलं?

२०१० च्या सुमारास मी नवी मुंबईत एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. ४२ यूचे, म्हणजे बेचाळीस खणांच्या उंचीचे दोन रॅक, दोन्हींत थोडी जागा शिल्लक. तरी नवा सर्व्हर लावायची सोय नव्हती. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड नव्वदीला टेकलेला, आणि रॅकच्या मागे उभं राहिलं की शर्ट भिजायचा. संपली होती ती वीज आणि कूलिंग.

प्रत्येक सर्व्हरचा सीपीयू तपासला, तर बहुतेक दहा टक्क्यांच्याही आत. गंमत म्हणजे नुसता बसून असलेला सर्व्हरही त्या काळी पूर्ण लोडच्या जवळपास निम्मी वीज खायचा. म्हणून व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) सॉफ्टवेअरने बनवलेली अनेक मशिन चालवणं. वीसेक सर्व्हर असे चार होस्टवर हलवले, जुने बंद केले, यूपीएस शांत झाला. साहेब खूश!

हलवण्याआधी वापराचे आकडे मात्र महिनाअखेर धरूनच घ्या. आम्ही मधलाच एक आठवडा घेतला, तेव्हा पेरोल, म्हणजे पगाराचं काम, झोपलेलं होतं.

सीपीयू वाटून घेता येतो, रॅमचं तसं नाही. चार होस्ट असतील तर प्रत्येकाची रॅम ७५ टक्क्यांच्या आतच भरायची, म्हणजे एक पडला तर उरलेले तीन त्याचा भार उचलतील. आम्ही नव्वदपर्यंत नेली. वर, होस्ट पडला तर लागेल म्हणून राखीव जागा सोडायला लावणारा अ‍ॅडमिशन कंट्रोल ‘उगाच अडवतो’ म्हणून मीच बंद केला होता. एका तीस तारखेला होस्ट गेला. बरीच मशिन दुसरीकडे आपोआप उठली. पेरोलच्या सर्व्हरला रॅमच मिळेना. रात्री साडेअकराला टेस्टिंगची मशिन एकेक बंद करत बसलो, तेव्हा पगाराचं काम सुरू झालं.

ती टेस्टिंगची मशिन आली कुठून? पूर्वी सर्व्हर हवा तर खरेदीची फाईल फिरायची, सह्या व्हायच्या. आता पाच मिनिटांत क्लोन, म्हणजे आहे त्या मशिनची नक्कल. मागणारे सीपीयूच्या दोन कोअरवर चालणाऱ्या कामाला आठ मागतात, आणि गर्दीच्या होस्टवर एवढे कोअर मोकळे मिळण्यासाठी मशिन रांगेत थांबतं, उलट हळू चालतं. रांगेत गेलेला हा वेळ दाखवणारा ‘सीपीयू रेडी’ हा आकडा बघायची सवय लावा.

शिकायला महागडं काही लागत नाही. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, तेव्हापासून बरेच जण लिनक्समधल्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवर चालणाऱ्या, फुकट वापरता येणाऱ्या प्रॉक्समॉक्सकडे वळलेत. घरच्या जुन्या पीसीवर बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू करा आणि तेच टाका.

क्लोन करून मग विसरलेल्या बेवारस मशिनवर माझा उपाय साधा. आधी मालकाला मेल, उत्तर नाही आलं तर फक्त नेटवर्क काढायचं, मशिन डिलीट करायचं नाही. पहिल्या खेपेला अकरा मशिनचं काढलं. तिसऱ्या दिवशी एकच फोन आला, अकाउंट्समधून. बाकी दहांना आजतागायत कोणी विचारलेलं नाही.