आश्वे-मांद्र्याच्या लाटांचा अंदाज आदल्या रात्री कसा काढायचा

सर्फिंगला निघायचं असेल तर सगळ्यात आधी लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवरचे तारे बघणं बंद करा. चार तारे दिसले म्हणून कोल्हापूर-बेळगावहून रात्रीच बोर्ड गाडीवर बांधून निघणारे लोक दर सीझनला भेटतात, आणि सकाळी किनाऱ्यावर "अरे पण एक मीटर दाखवत होतं" म्हणत उभे असतात. एक मीटर होताच की, पण कसला एक मीटर ते कुणी बघितलंच नाही. त्या ताऱ्यांमागे एक सूत्र असतं, त्याला उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावरचा वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा ज्यावर लाट फुटते तो उंचवटा, कुठे सरकलाय ते ठाऊक नसतं.

हे सगळं ऑक्टोबर ते मे या काळाबद्दल. जून ते सप्टेंबर समुद्र बघायचा, आत जायचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते आणि लाल बावटा उगाच लावलेला नसतो, त्यामुळे "मला पोहता येतं" हे इथे सांगू नका.

वारा बघणं सोपं आहे. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. अकरा-बाराला वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, दुपारनंतर जोर धरतो आणि पाण्याची वाट लावतो. म्हणजे सकाळीच जा, विषय संपला.

आता खरी अडचणीची गोष्ट, जी समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि जी कुठलाच व्हिडिओ धड सांगत नाही. ॲपच्या पहिल्या पानावर जी 'वेव्ह हाइट' दिसते ती एका लाटेची उंची नसते. समुद्रात त्या वेळी जे काही चाललंय त्या सगळ्याची ती एकत्र बेरीज, आणि बेरीजसुद्धा साधी नाही, वर्गांची. समजा जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा ०.८ मीटर आणि लांबून आलेली स्वेल ०.६ मीटर, तर ॲप १.४ नाही दाखवणार, १ मीटर दाखवणार (शाळेतला तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण आठवा). आता उलटं करा, वाऱ्याच्या लाटा ०.६ आणि स्वेल ०.८, तरी आकडा तोच, १ मीटर. पहिल्या दिवशी पाण्यात नुसती खिचडी असते, दुसऱ्या दिवशी मस्त सेट (ओळीने येणाऱ्या मोठ्या लाटा) येतात, आणि पहिल्या पानावर दोन्ही दिवस सारखेच दिसतात!

म्हणून विंडी असो की विंडगुरू, आत जाऊन 'विंड वेव्ह', 'स्वेल १', 'स्वेल २' असे वेगवेगळे आकडे उघडायचेच. प्रत्येकाची उंची, पीरियड आणि दिशा. आळस करायचा असेल तर मग निघूच नका, झोपा.

पीरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, आणि माझ्या मते उंचीपेक्षा आधी तोच वाचायचा. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याचं पोरकट काम. सात-आठ सेकंद आणि दिशा वायव्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत ती बऱ्याचदा अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी पाठवलेली स्वेल असते, छोटी पण खेळायला छान. बारा ते अठरा सेकंद आणि दिशा दक्षिण-नैऋत्य, तर ती थेट दक्षिण हिंद महासागरातल्या वादळांची. पंधरा सेकंदांची स्वेल खोल समुद्रात दिवसाला साधारण हजार किलोमीटर येते, म्हणजे चाळीस-पन्नास दक्षिण अक्षांशावरच्या वादळातून गोव्याला पोचायला सहा-सात दिवस लागतात. त्यामुळे मोठ्या पीरियडच्या स्वेलवर चार दिवस आधी बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, आणि जवळच्या वाऱ्यावर दोन दिवसांपलीकडे अजिबात नाही.

इथे दोन फसवणुका आहेत. पहिली, पीरियड एकदम उड्या मारतो, सहा वाजता ५ सेकंद, नऊ वाजता १४, बाराला परत ५. समुद्र वेडा झालेला नसतो, दोन्ही प्रकारच्या लाटांची ताकद जवळपास सारखी असते आणि त्यातली कुठली वरचढ ते मॉडेल दर वेळी बदलून सांगतं. असं दिसलं की पहिलं पान पूर्ण विसरा. दुसरी म्हणजे ०.२ मीटर, १८ सेकंद. लोक हसून पुढे जातात. पण लांब पीरियडच्या लाटा जास्त वेगाने येतात म्हणून त्या सगळ्यात आधी पोचतात, पुढच्या एक-दोन दिवसांत पीरियड हळूहळू उतरतो आणि उंची वाढते. ती ओळ दिसली की सुट्टीचा अर्ज टाका.

आणि मोठा पीरियड म्हणजे आपोआप चांगली लाट असं धरून चालू नका, हा सल्ला रीफवरच्या (खडकाळ तळावरच्या) लोकांचा आहे, तो आपल्या वाळूवर आणू नका. सोळा सेकंदांची स्वेल सरळ बारवर आली की लांबच्या लांब भिंत एकदम कोसळते, क्लोजआऊट, घ्यायला खांदाच (लाटेची अजून न फुटलेली बाजू) मिळत नाही. मला इथे नऊ ते बारा सेकंद सगळ्यात आवडतात. त्यातही नैऋत्येची आणि वायव्येची अशा दोन स्वेल एकमेकींना छेदत असतील तर भिंत तुटून वेगवेगळी शिखरं होतात, तो दिवस कागदावर किरकोळ दिसतो आणि पाण्यात सोनं असतो. माझा नियम असा की स्वेल एकटी किमान ०.६ मीटर, पीरियड नऊच्या वर, विंड वेव्ह तिच्या निम्म्याहून कमी, यातलं काही बसत नसेल तर मी गाडी काढत नाही.

दिशा म्हणजे लाट कुठून येते ती, कुठे जाते ती नाही. मोरजीच्या दक्षिणेला चापोऱ्याचं टोक आडवं येतं, त्यामुळे स्वेल फार दक्षिणेची असेल तर मोरजी सोडून वर आश्वे-मांद्र्याकडे सरका.

भरती-ओहोटीसाठी तक्ता बघाच, पण कोकणातलं जुनं गणित अजून चालतं, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. आपल्या बारला मधलं पाणी लागतं. पूर्ण ओहोटीला लाट उथळ वाळूवर आपटते, पूर्ण भरतीला बारवरून तशीच सरकत येऊन काठावर फुटते. म्हणून अमावास्या-पौर्णिमा बघा. भरती सव्वाअकराच्या आसपास, पाणी पहाटेपासून चढत असतं, आठ वाजता मधलं पाणी आणि मतलई वारा एकत्र मिळतो. चतुर्थी-पंचमीला नऊ-दहाला तळ गाठलेला असतो, त्या सकाळी मी जात नाही. एवढं लक्षात ठेवा की तिथी फक्त वेळ सांगते, पाणी किती चढेल ते नाही. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, उंची तक्त्यातूनच घ्यायची.

एप्रिल-मेमध्ये निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचे) इशारे बघा, उंच लाटांचे आणि स्वेल सर्जचे. आकाश निरभ्र, वारा शून्य, आणि तरी पाणी अचानक किनाऱ्यावर चढतं, हे दक्षिणेकडच्या मोठ्या स्वेलचंच काम. इशारा असेल त्या दिवशी नवशिक्यांना घेऊन जाऊ नका, कितीही गळ घातली तरी.

किनाऱ्यावर पोचलात की बोर्ड गाडीवरच राहू दे. वीस मिनिटं नुसतं बघा, कारण लांब पीरियडचे सेट मध्ये बराच वेळ घेऊन येतात आणि पाच मिनिटांत पाणी झोपलंय असं वाटतं. एकाच जागी फुटणाऱ्या दहा लाटा घड्याळ लावून मोजा, ॲपने सांगितलेला पीरियड खरा की खोटा लगेच कळतं. पांढरं फुटतंय तिथे बार आहे, दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळपट शांत पाणी दिसतं ती रिप (आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह), कुटुंबं आंघोळीला नेमकी तिथेच उतरतात, दिसली तर हाक मारून बाजूला करा. पावसाळा वाळू ओढून आत नेतो आणि नंतर ती महिनोन्‌महिने परत येत राहते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये शॅकसमोर सापडलेला बार मार्चमध्ये तिथे असेलच असं नाही, दर वेळी नव्याने शोधायचा.

आत जाताना कासवांच्या घरट्यांना दोरी लावलेली असते, तिच्या बाहेरून जा.