गॅलरीत राहिलेलं कार्ड

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाली की वाटतं, या कामाची नीतितत्त्वं आपल्याला पाठ आहेत. स्वीकार, स्वयंनिर्णय, गोपनीयता. मलाही त्यात चांगले मार्क होते. ती तुम्हालाही येतात, म्हणून परत सांगत बसत नाही. मी कुठे पडले ते सांगते.

२०१९ साल. बडोद्यात एका संस्थेत पहिली नोकरी, क्षयरुग्णांचं काम. वस्तीत फिरायचं, औषध चालू आहे ना ते बघायचं, आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे तेव्हाचे महिन्याचे ५०० रुपये खात्यात पडावेत म्हणून पासबुक नि उपचाराचं कार्ड यांचा फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. साहेबांचं म्हणणं, "फोटो आला म्हणजे व्हिजिट झाली." एका बाईंनी पासबुक काढून दिलं, फॉर्मवर सही केली. मी दोन्ही त्यांच्याच ओट्यावर ठेवून फोटो काढला. संमती घेतली, असं तेव्हा खरंच वाटलं.

गणपतीत दांडिया बाजारला आत्याकडे जेवायला गेले. आरतीचे फोटो घ्यायला आतेबहिणीनं माझा फोन उचलला, दोनचार फोटो सरकवले आणि थांबली. "अगं, ही तर आपल्याकडे भांड्याला येते!"

मी जीव तोडून समजावलं. क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. नियमित औषध सुरू झालं की पसरायची शक्यता झपाट्यानं कमी होते. आत्या "हो गं, कळतं मला" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना यायला नको म्हणून सांगितलं. शेजारच्या घरीही ती कुजबुजली. ५०० रुपयांसाठी काढलेल्या फोटोनं दोन घरची कामं गेली.

वस्तीत भेटल्या तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "बेन, तमे ज कीधुं ने?" ताई, तुम्हीच सांगितलंत ना? मी नाही म्हणाले. तेही खोटंच.

कारण फोन माझा होता. नीट बघा, फोटो किती ठिकाणी गेला: माझी गॅलरी, त्या गॅलरीचा बॅकअप, ग्रुपमधल्या प्रत्येकाची गॅलरी, त्यांचे बॅकअप, आणि त्यांच्या घरात जो कोणी फोन हातात घेईल तो. ग्रुपमधून मेसेज उडवला तरी माझ्या गॅलरीतला फोटो जागच्या जागी. मेसेज आपोआप गायब करणारं 'डिसअपिअरिंग' लावून निर्धास्त बसणारेही तसेच फसतात. आणि बाईंनी सही केली ती पैशासाठी. फोटो कोण कोण बघेल हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मग ती संमती कसली?

आम्ही शिकलेली गोपनीयता म्हणजे फायलींच्या कपाटाची किल्ली. आपल्याकडच्या समाजकार्य शिक्षकांनी १९९७ मध्ये नीतीचं घोषणापत्र काढलं, तेव्हा व्हॉट्सॲप कुठे होतं? अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेनं आपल्या नीतिसंहितेत तंत्रज्ञानाबद्दलची भर २०१७ मध्ये घातली; समाजकार्याच्या नीतितत्त्वांवरच्या २०१८ च्या जागतिक निवेदनात तंत्रज्ञान आणि समाजमाध्यमांचा नैतिक वापर हे स्वतंत्र तत्त्वच आहे. तत्त्व जुनंच, कपाट बदललंय. आपल्याकडे समाजकार्याला सरसकट वकिलांसारखी सनद नाही, त्यामुळे ती जाण्याची भीतीही नाही. सीनियरचा तयार रिपोर्ट कॉपी करणाऱ्यांना तर हे कधी कळणारच नाही. फॉर्मॅटमध्ये 'संमती घेतली' ही ओळ छापलेलीच असते.

घाबरू नका, हे सुधारता येतं. कामाचा नंबर वेगळा ठेवा. व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत आपोआप जाणं बंद करा, पण फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तरीही गॅलरीतच राहतो, तो हातानं पुसावा लागतो, बॅकअपमधूनही. सही घेण्याआधी समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा: हे कोण बघणार, कुठे राहणार, नको म्हटलंत तरी औषध थांबणार नाही.

आणि ग्रुपवर नाव, फोटो न टाकता केस नंबर टाका. साहेब कुरकुरतील. माझ्या साहेबांनी आठ दिवस कुरकुर केली, मग स्वतःच फोन पुढे करून विचारलं, "ती सेटिंग कुठे असते?"