गाजर गवत: ओळख आणि निर्मूलनाची पद्धत

गाजर गवत हे गवत नाही आणि गाजराशीही त्याचा संबंध नाही. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती रॅगवीड या तणाची जवळची नातलग असून तिचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. भारतात तिची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. आयात गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते.

कोवळे रोप जमिनीलगत चक्राकार पसरते आणि त्याची कातरलेली पाने पाहून ते शेवंतीचे असावे असा भास होतो, म्हणून बागेत अनेकदा ते जपलेही जाते. पुढे उभ्या रेघांचे लवदार खोड मीटर-दीड मीटर वाढते आणि शेंड्यावर बारीक पांढरी फुले येतात, ज्यांवरून ‘चटक चांदणी’ हे नाव पडले. ओल मिळाल्यास बी वर्षातून केव्हाही उगवते आणि एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्यामुळे फुलांवर आलेले झाड उपटणे म्हणजे उशीर झालाच असे समजावे.

पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, कळ्या दिसण्यापूर्वी, झाड मुळासकट उपटावे. नुसते विळ्याने कापले तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, आणि रस्त्याकडेच्या साफसफाईत नेमकी हीच चूक दरवर्षी होते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर रुमाल आवश्यक आहे, कारण या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला खाज व चट्टे येतात, तर परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास बळावतो. ज्यांना असा त्रास आधीच आहे त्यांनी हे काम अंगावर घेऊ नये. फुले न आलेली झाडे खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवून खत करता येते. बी धरलेली झाडे मात्र खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, अन्यथा तेच बी खताबरोबर शेतात जाईल.

मोकळी झालेली जागा तशीच सोडल्यास गवत परत येते. पावसाळ्याच्या तोंडावर तेथे टाकळ्याचे बी दाट फेकावे. टाकळा जोमाने वाढून गाजर गवताला डोके वर काढू देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच.

पडीक, मोठ्या क्षेत्रावर मेक्सिकन भुंगे सोडणे अधिक सोयीचे ठरते. १९८० च्या दशकात भारतात आणलेला हा पांढुरका, तपकिरी रेघांचा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात या झाडाची पाने फस्त करतात. पाऊस सरल्यावर भुंगे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत राहतात आणि पुढील पावसाळ्यात बाहेर येतात. म्हणून ते जेथे स्थिरावले आहेत तेथे कीटकनाशक फवारू नये आणि कोरड्या दिवसांत ती जमीन नांगरू नये.