उन्हाळाभर स्विमिंग पूल बंद ठेवताय?
फार्महाऊसवर मे महिन्यात कुणी जाणार नाही, म्हणून पूल रिकामा करून ठेवू नका. कोरड्या टाकीत उन्हाने टाइल्सचे सांधे सुटतात. पुढे पावसात जमिनीखालचं पाणी वर आलं की रिकामी टाकी चक्क उचललीही जाऊ शकते. पाणी असू द्या, वर गडद, जाड ताडपत्री ताणून बांधा. ऊन क्लोरीन खातं आणि शेवाळाला पोसतं. पंप रोज काही तास चालू ठेवायला माळीदादांना सांगा, आठवड्याला क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता (७.२ ते ७.६ हवा), तपासायला लावा. ताडपत्रीच्या खळग्यात ओंजळभर पाणी साचलं तरी काढायचं, नाहीतर आठ-दहा दिवसांत डास. शेजारची पोरं बॉल आणायला आत शिरतात, ताडपत्रीवर पाय पडला की थेट पाण्यात! फाटकाला कुलूप लावूनच निघा.